खालच्या पट्टीतला कस्तुर

इंग्लंडमधल्या हेक्सम गावात घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचण्यात विल्फ हारबॉटलची नोकरीची सगळी वर्षं गेली. तो निवृत्त झाला तेव्हा रीडिंग टिपायचा तळहाताएवढा जुना संगणक कचेरीत कुणालाच नको होता. विल्फ तो घरी घेऊन आला. सूर किती उंच आणि किती लांब, एवढं आकड्यांत सांगितलं की ते यंत्र पिपाणीसारखं वाजायचं. विल्फने त्यावर आगगाडीची शिटी केली, दाराची घंटा केली, चर्चमधली गाणी बसवली. बायको एनिड म्हणायची, "चहाच्या वेळी तरी त्या डासाला गप्प कर रे!"

मग एनिडचे कान गेले. सगळे नाहीत; वरच्या पट्टीतले आवाज तेवढे गेले. कानाला मशीन लावलं की माणसं ऐकू यायची, पाखरं नाहीत. एप्रिलमध्ये कुंपणावर चोच उघडून गाणारा कस्तुर पाहून ती म्हणाली, "बिचारा जांभया देतोय." आणि आत निघून गेली.

विल्फने बागेत खुर्ची टाकली आणि कस्तुराची एकेक तान यंत्रात उतरवायला घेतली, पण खूप खालच्या पट्टीत. इवल्याशा स्पीकरला ती झेपेना, नुसती घरघर. शेवटी यंत्र बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर ठेवलं, तेव्हा आवाजाला अंग आलं.

एनिडने डब्याशी कान नेला.

"हा कस्तुर? अरे, ही तर पडसं झालेली गाय!"

विल्फ हिरमुसून यंत्राकडे हात नेऊ लागला.

"थांब, बंद नको करूस. तान संपताना तो जरा किरकिरतो. तुझ्यासारखा."

तिथून दोघं कामाला लागली. ऐकायचं त्याने, आठवायचं तिने. मे सरता सरता गायीचं पाखरू झालं. एनिडने डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा ऐकलं, मग रुमाल शोधायला स्वयंपाकघरात गेली.

पुढे यंत्र तिच्याच हातात जास्त दिसू लागलं. एकदा विल्फ बाजारातून आला, तर तिने त्याला डब्यावर काहीतरी ऐकवलं. एक जड ठोका, एक हलका, मध्येच लांब कर्रर्र.

"हे काय?"

"तू जिना चढतोस ते. पायरीची कुरकुर आठवणीनं केलीय. बघ जमलीय का."

विल्फ पिशवी ठेवून जिना चढला, उतरला, पुन्हा चढला.

"कुरकुर जमलीय," तो वरून ओरडला. "पण मी एवढा लंगडत नाही!"

"लंगडतोस!" एनिड म्हणाली.