खालाच्या तीन पट्ट्या

आश्विन वद्य द्वादशी, वसुबारस. मी मागच्या दारी चुलीवर खळ शिजवत होते आणि खाला शेजारच्या भिंतीवरून डोकं काढून माझ्या पातेल्यात बघत होती.

"मोरचूद टाकलं का, मास्तरीण? न्हाईतर तुझा कंदील झुरळं खातील, तू बसशील बघत."

रोज सकाळी भिंतीवरून असं माझ्या पातेल्यात बघणं ही तिची सवय. टाकलं होतं म्हटलं तरी ती ते बोटावर घेऊन बघणारच.

औरंगाबादेत, बेगमपुऱ्यात आमची आणि तिची भिंत एक. सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिचा नवरा ताजिये, म्हणजे मोहरमचे ताबूत, बांधायचा. तो गेल्यावर ताजियाच्या कागदी जाळीचं काम तिच्याकडे राहिलं. मोहरमला ताजिया, संक्रांतीला पतंग आणि दिवाळीला आमच्या गल्लीतले आकाशकंदील, सगळ्यांना कात्री एकच. कागदाची आठ पदरी घडी घालून ती बोलता बोलता कापत जाई, आणि घडी उलगडली की त्यात वेल असे. आधी पेन्सिलीनं काही काढलेलं मी कधी पाहिलं नाही.

मला सण सजवायला तिनं शिकवलं, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत रुचलं नाही. कोऱ्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हणजे माती तेल पीत नाही. ज्वारीची कणसं धाटांसकट बांधून दाराच्या दोन बाजूंना उभी करायची. उंबऱ्याला गेरू द्यायचा आणि तो वाळायच्या आत चुन्याची बोटं उठवायची. बाजारातून काही आणायचं म्हटलं की ती चिडायची. "घरात काय हाय ते आधी बघ ना. दुकानातून सगळं आणलं तर मग दुकानदारानंच दिवाळी करावी, तू कायकू करती?"

त्या वर्षी मात्र दुकानातही काही नव्हतं. बाकी देशात तिरंगा लागला होता. आमच्याकडे निजामाचं राज्य तसंच होतं आणि तो झेंडा घरात सापडला तर माणूस उचलून नेत. हे सरकारी शाळेत मास्तर. त्यांच्या शाळेतल्या दोघांना नुसत्या संशयावरून घरी बसवलं होतं. गल्लीतली चार घरं कुलूप लावून नगरकडे निघून गेली होती. उरलेले लोक संध्याकाळी दारं लावून घेत. कंदील लावायचा की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस बोलणं झालं. "लहानसा लाव," असं शेवटी हे म्हणाले.

त्या वर्षी आमची दिवाळी आणि त्यांचा मोहरम एकाच अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे आले होते. खालाच्या टोपलीत ताजियासाठी आणलेला हिरवा कागद होता. त्यातली एक पट्टी तिनं मला कापून दिली. पांढरा पतंगाचा उरलेला होता आणि केशरी माझ्याकडच्या गणपतीच्या मखरातला. तीन पट्ट्या हातात देऊन ती म्हणाली, "पांढरा वर, हिरवा मधी, केशरी खाली. उजेड चांगला पडतो."

मी तिचं ऐकलं नाही. पांढरा वर लावला की दिव्याच्या धुरानं दोन दिवसांत काळा पडतो. म्हणून मी केशरी वर घेतला, पांढरा मध्ये आणि हिरवा खाली. धुराचा विचार केला, दुसरा कसलाच केला नाही.

धनत्रयोदशीला दिवेलागणीला कंदील लावला आणि पणत्या भरायला आत आले. घटकाभरात दारात आवाज झाला. चौकीचा जमादार आणि सोबत काठ्या घेतलेले दोघे.

"किसने लटकाया ये झंडा?"

मी बाहेर बघितलं तेव्हा कुठे मला दिसलं, की मी काय केलंय. हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी पुढे व्हायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. खाला डोक्यावर ओढणी ओढत बाहेर आली.

"झंडा? डोळे फुटले का रे तुझे? कंदील हाय त्यो. मैं बनाई."

"रंग कोणी लावले?"

"मैंच लगाई. टोपलीत जे निघालं ते लावलं. त्या मास्तरणीला काय कळतंय, तिला धड खळ शिजवता येत न्हाई! हिरवा ताजिये का है. फाडनेवाला है तो सामने फाड, मैं बी देखती."

कंदील फाडायला कोणी हात उचलला नाही. जमादारानं तो दोरीसकट काढून घेतला आणि खालाला चौकीवर चलायला सांगितलं. ती गेली. मी दारात उभी होते. माझं मनगट अजून यांच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला सोडलं. मारलं नव्हतं. पण ताजियाची व्यवस्था पाहणाऱ्या बडे मियाँपर्यंत गोष्ट पोचली होती. ताजियाचा कागद हिनं झेंड्याला दिला, असं तिथं ठरलं. पाडव्याला त्यांचा माणूस येऊन टोपली घेऊन गेला. नवऱ्यानंतर अठरा वर्षं तिनं ते काम केलं होतं.

मी भिंतीपाशी गेले तर ती गाठोडं बांधत होती. "लेकीकडं जाती अजिंठ्याला. सकाळची मोटार हाय."

"मी बडे मियाँकडे जाऊन खरं सांगते."

"आन् मास्तरांची नोकरी? गप बस. मोहरमात हात रिकामे ठेवून इथं बसवत न्हाई, म्हणून जाती. तुझ्यामुळं न्हाई."

ते खोटं होतं. रात्री मी यांना विचारलं. "प्रकरण मिटलंय, उकरू नकोस," एवढंच ते म्हणाले. त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना.

भाऊबीजेच्या सकाळी हे अंघोळीला गेल्यावर मी पदर डोक्यावर घेऊन बडे मियाँच्या दारी गेले. कागद खालाचा होता, पण रंग असे मी लावले, तिनं मला क्रम वेगळा सांगितला होता, असं मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी नाव विचारलं. माझं सांगितलं. मग मास्तरांचं विचारलं, तेही सांगितलं.

"चार दिन लगे आपको," ते म्हणाले. "कागद दुसऱ्याच्या हाती गेला, बाई. जाळी कापायला घेतली."

तिथून मोटारीच्या अड्ड्यावर गेले. खाला गाठोड्यावर बसली होती. सांगून आले म्हटल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, "मास्तरांचं नाव घेतलं?"

"घेतलं."

"येडी हायेस." ती उठून माझ्याकडे पाठ करून मोटारीत चढली. खिडकीतून म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत घरी जा, त्यांना सांग. पळ."

मोटार सुटेपर्यंत थांबले नाही. घरी आले. हे पाटावर बसून ताटाची वाट बघत होते. मी ताट वाढलं, त्यांचं जेवण होऊ दिलं, आणि मग समोर बसून सगळं सांगितलं.