हत्तीच्या तुकड्यांतले खडे

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं हत्ती जुळवत बसलो होतो. लाकडी तुकड्यांचं ते कोडं इकडे हिंदी मुलखातच वाढलेल्या आमच्या पोरीने आणलेलं. "पापा, इससे मम्मी का दिमाग चलता रहेगा," म्हणाली आणि इंदिरा नगरला आपल्या घरी निघून गेली. वैताग माझ्या वाट्याला. जिला नवरा ओळखू येत नाही, ती हत्ती काय जुळवणार? तुकडे ताटात पसरून ती एकेक बोटाने सरकवायची आणि काळे तेवढे उचलून खिडकीबाहेर टाकायची. "अगं बाई, तो हत्तीचा डोळा आहे," मी ओरडलो. "खडे आहेत, दादा," तिने मलाच समजावलं. "दाताखाली आला की आमचे हे ताट सरकवून उठतात." खाली जाऊन गवतात डोळा शोधताना माझ्या टाळक्यात शिरलं, की ही डाळ निवडतेय, आणि झकास निवडतेय. सकाळी ती झोपलेली असतानाच दुकान गाठलं. "बाबूजी, पैकेट वाली लीजिए, एकदम साफ है," दुकानदार म्हणाला. "साफ नहीं चाहिए, कंकर वाली दे," म्हणत त्याच्याशी भांडून गोणीतली सुटी तूरडाळ आणली, ताटात ओतली आणि तिला उठवायला गेलो.