दोरीच्या उड्या

आमच्या फणसवाडीतल्या चाळीत शेजारून आलेली वाटी रिकामी परत जात नाही. आई गेल्यावर खोलीत मी एकटी उरले, तरी वाट्या येत राहिल्या आणि मी खात राहिले. भूक नसताना, दार लावून, पोट दुखेपर्यंत. वाट्या कमी पडल्या तर फरसाणाचे पुडे असायचेच. खाऊन झालं की स्वतःची किळस यायची, आणि ती घालवायला मी पुन्हा खायचे. याला व्यसन म्हणतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला त्यांचाच राग आला होता.

उपचार सुरू झाले. ठरल्या वेळी जेवायचं, अधेमधे काही नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी नारळाच्या वड्या पाठवल्या. मी वाटी तशीच परत केली. व्यसन वगैरे सांगायला तोंड उघडेना.

"आमच्या हातचं आता गोड लागत नाय वाटतं," म्हणत काकूंनी दार ओढून घेतलं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही घेतलं. संध्याकाळी वाट्या माझ्या दारावरून पुढे जायच्या. खाणं सुटलं, त्याबरोबर माणसंही सुटली. बरी झाले म्हणून पेढे वाटायचीसुद्धा सोय नव्हती.

पुढे डॉक्टरीणबाई व्यायाम कर म्हणाल्या. जिमच्या आरशांत स्वतःला चहूबाजूंनी बघायची माझी हिंमत नव्हती. म्हणून दोरी आणली आणि दुपारी, चाळ झोपलेली असताना, गच्चीवर जाऊ लागले. दोरी सारखी पायात अडकायची आणि मी तिला शिव्या घालायचे. मग एका दुपारी ती अडकलीच नाही. श्वास, पाय, दोरी, सगळं एका लयीत आलं. इतकी वर्षं ज्या शरीरात मी नुसतं कोंबत आले, ते चक्क उडत होतं! मी मोठ्याने हसले. आणि लगेच वाटलं, हे आता सांगू कुणाला? इतकं एकटं मला उपाशीपोटीही वाटलं नव्हतं.

"काय गो, माझ्या डोक्यावर मसाला कुटतेस काय?"

जिन्यात काकू उभ्या होत्या. गच्चीखालीच त्यांची खोली. कितीतरी महिन्यांनी त्या माझ्याशी बोलत होत्या, त्याही भांडायला.

"उड्या मारतेय," मी म्हणाले, आणि धापा टाकतच सगळं सांगून टाकलं. दार लावून खायचे, तेही. काकूंनी ऐकलं आणि त्या खाली गेल्या. आता चाळभर होणार, असं मी धरून चालले.

थोड्या वेळाने त्या पुन्हा वर आल्या. हातात झाकलेलं भांडं. नाही कसं म्हणायचं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागले.

"पाणी आहे," त्या म्हणाल्या. "पाणी तरी चालतं ना?"

मी एका दमात प्यायले आणि रिकामं भांडं परत दिलं. त्यांनी ते घेतलं, उपडं करून निथळलं.

"चारनंतर मारत जा उड्या. दुपारची मी झोपते."