घंगाळातला समुद्र

राज्याची वाटणी झाली तेव्हा समुद्र सगळाच्या सगळा आंध्राच्या वाट्याला गेला, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात मी हैदराबादेत समुद्राचं दुकान काढलं.

दुकान म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचं. जागा सासऱ्यांची, विद्यानगरातल्या घराचा रस्त्याकडचा हॉल. सासरे (मी त्यांना मामा म्हणतो) रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि तो हॉल एका टिफिन सेंटरवाल्याला भाड्याने द्यायच्या बेतात होते. माझ्यासाठी शब्द टाकला तो सासूबाईंनी, म्हणजे मामींनी. जावईबापू एवढं वाचतायत, करू द्या की, असं त्या म्हणाल्या. मामांनी अट घातली: उद्घाटन नीट झालं तर हॉल तुमचा, नाहीतर इडलीचा.

मी खरंच पुष्कळ वाचलं होतं. (निदान व्हिडिओ तरी पाहिले होते.) चेन्नईहून एक समुद्रफूल (दिसायला फूल, पण असतो प्राणी) आलं, लाल कोळंब्या आल्या, एक निळा तारामासा आणि नारिंगी पट्ट्यांची माशांची जोडी आली. शेजारच्या खालाजान कोळंबीचा किलोचा भाव विचारून गेल्या. त्यांच्या अज्ञानावर मी दिवसभर हसलो! मग मला शहाणपणाचा जो काही झटका आला, तो घरातल्या सगळ्यांनी सोसला. टाकीजवळ उदबत्ती नको, हळद-कुंकू नको, ओले हात नकोत. मामी बिचाऱ्या उंबऱ्यातूनच माशांना बघायच्या, दवाखान्यात पेशंटला बघावं तशा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मला वाटलं, पाणी अजून झळकायला हवं. थोडं बदलून टाकू. मीठ कालवायच्या प्लॅस्टिकच्या ड्रमला नेमका तेव्हाच तडा गेला. नवा आणायला अफझलगंजला निघालो, तर नव्या राज्याच्या मिरवणुकांनी रस्ते भरलेले. गुलाल अंगावर घेऊन रिकाम्या हाताने परत आलो आणि मोरीत मामींचं घंगाळ दिसलं.

ते त्यांच्या माहेरचं, परभणीकडच्या गावातून आलेलं तांब्याचं घंगाळ. दारात पाणी भरून त्यात फुलं सोडायची म्हणून मामींनी ते चिंच लावून लख्ख घासलं होतं. चेन्नईवाल्याने फोनवर बजावलं होतं की पाण्याला धातू लागू द्यायचा नाही. पण धातू म्हणजे लोखंड, पत्रा असलं काहीतरी! तांबं तर पवित्र. आमच्याकडे म्हातारी माणसं सकाळी उठून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात आणि मुलांपेक्षा ठणठणीत राहतात. मी घंगाळात समुद्र कालवला, रात्रभर मुरू दिला आणि सकाळी मोठ्या भक्तिभावाने टाकीत ओतला.

पाहुणे जमले. मामांचे तारनाक्याचे जुने सहकारी आले, खालाजान आल्या. नारळ माझ्या हुकमावरून बाहेर रस्त्यावर फुटला. आणि सगळ्यांच्या देखत समुद्रफूल आवळत आवळत मुठीएवढं झालं. मागोमाग कोळंब्या आडव्या झाल्या. तारामासा काचेवरून सुटून खाली पडला. मामांचे एक मित्र म्हणाले, यांची झोपायची वेळ असेल.

मी वेड्यासारखा टाकीभोवती फिरलो, तेव्हा काचेवर बाहेरून लावलेलं कुंकवाचं इवलंसं बोट मला दिसलं.

"मामी, तुमच्या कुंकवाने मारलं हो सगळ्यांना!" मी भर सभेत ओरडलो.

मामींनी पुढे येऊन पदराने ते कुंकू पुसलं आणि आत गेल्या. एवढं सगळं झालं तरी दारात फुलं ठेवायची राहिलीत, म्हणून त्या घंगाळ घ्यायला मोरीत गेल्या होत्या. परत आल्या त्या घंगाळ घेऊनच. त्याच्या आतल्या अंगावर पांढरा थर होता आणि कडेला हिरवट झाक.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "यात मीठ कालवलं होतं का?"

मी मान हलवली.

"याला आतून कल्हई नाही. आम्ही यात ताकसुद्धा ठेवत नाही. कळकतं."

माझी बायको सुरेखा फोनवर शोधू लागली. तांबं म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या जिवांना विष, असं तिने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग मी कसा काय वाचलो, असा तिला प्रश्न पडला.

मला इतकी लाज वाटली, इतकी, की त्या टाकीत मावलो असतो तर तळाशी जाऊन बसलो असतो. मी मामींच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या." त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा टिफिनवाल्याला फोन लावत होते. मामींनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. दुकान राहील, म्हणाल्या, पण पाण्याचं मी बघीन. त्याच दुपारी त्यांनी नव्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये मीठ कालवून पाणी बदललं आणि माशांची जोडी वाचवली.

दुकान आजही चालतं, झकास चालतं. गिऱ्हाइकाने पाण्याबद्दल काही विचारलं की मामी माझ्याकडे बोट दाखवून अगदी मायेने सांगतात, "पानी मैं देखती. इनो हमारे दामाद. इनो खाली लाइटां चालू-बंद करते."

म्हणजे मी नुसते दिवे चालू-बंद करतो. हेही अर्धंच खरं आहे. बंद करायची परवानगी मला अजून मिळालेली नाही.