पदकवाल्या इंजिनिअरवर माझं व्याख्यान

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळात व्याख्यानापेक्षा वक्त्याचा परिचय मोठा असतो. पदवी, कंपनी, हुद्दा, हाताखाली माणसं किती, सगळं वाचतात. मग शाल आणि नारळ. उरलासुरला वेळ वक्त्याचा.

यंदा विषय होता व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक लष्करी इंजिनिअर, ज्याने सिंगापुरात टेकडीवर किल्ला बांधला. मधली काही वर्षं तो खडकीला होता, एवढ्या भांडवलावर मंडळाने त्याला पुणेकर ठरवलं. मीही पुण्याचा, मीही इंजिनिअर, म्हणून बोलायचं मी. माझं इंजिनिअरिंग कॉम्प्युटरचं, पण असल्या बारकाव्यांचं मंडळाला वावडं आहे.

नेमकी त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. इथे राहायचा पास नोकरीवरच, त्यामुळे महिन्याभरात दुसरी मिळवा, नाहीतर गाशा गुंडाळा. बायको म्हणाली, "परिचयातून हुद्दा काढायला सांग. आणि ते बुकित तिमाहला राहणारे बँकवाले येतील ना, त्यांच्या कानावर घाल." मी अध्यक्षांना फोन केला. "अहो, हुद्दा काढला तर मी वाचू काय?" ते म्हणाले. खरं कारण सांगायला माझी जीभ रेटेना.

चोआ चू कांगच्या हॉलमध्ये माझा हुद्दा खणखणीत आवाजात वाचला गेला. मग मी साहेबाची कारकीर्द सांगितली. किल्ला बांधला, शत्रू फिरकलाच नाही, पदक मिळालं. पूल बांधला, तो वाहून गेला, बढती मिळाली. तोच पूल पुन्हा बांधला, तर राणीने 'सर' केलं. आमची सिस्टिम एकदाही बंद पडली नाही, म्हणून आमची गरज संपली. हे शेवटचं मी मनातच म्हटलं. त्या साहेबाचा मला भयंकर हेवा वाटत होता.

चहाच्या वेळी धीर करून मी बँकवाल्यांकडे निघालो, तर तेच बटाटेवड्याची बशी सांभाळत माझ्याकडे आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा परिचय ऐकला. माझी नोकरी गेली हो. घरी अजून बोललो नाही. तुमच्या कंपनीत काही होईल का?"

मी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"परिचय जुना आहे," मी म्हणालो. "मीही तुमच्याकडेच यायला निघालो होतो."

मग उरलेला वेळ आम्ही दोघं त्या साहेबाबद्दलच बोलत उभे राहिलो.