ठकीची डिग्री आणि बापाची धास्ती

फरशी बसवण्यात फरशीवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण मनातलं बोलायची वेळ आली की गड्याची दातखीळ बसायची. बायको गेल्यापासून घरात दोघंच, हा आणि त्याची लेक ठकी. ठकीला व्हायचं होतं गेम प्रोग्रामर. मोबाइलवर लोक जे खेळ खेळत बसतात ना, ते बनवणारी. त्यासाठी डिग्री कुठली घ्यायची, यावर घरात कधीचं गुऱ्हाळ चाललं होतं.

गावातच एक चकचकीत कॉलेज निघालं होतं. तिथल्या डिग्रीच्या नावातच 'गेम' होता. दुसरं होतं दूरच्या शहरातलं जुनं विद्यापीठ. तिथे साधं कम्प्युटर सायन्स, आणि गणित तर पाचवीलाच पुजलेलं. ठकीला गणिताची धास्ती. बापाची धास्ती वेगळीच, पण तो बोलून दाखवील तर शपथ. गावातलं कॉलेज म्हणजे पोरगी रोज संध्याकाळी घरी.

"फरशी आधी कोरडी मांडून बघावी, सिमेंट मग," तो म्हणाला. त्याच्या कामाची रीतच ती. "दोन्हीकडे एकेक दिवस वर्गात बसून बघ. मग ठरव." गणिताचा एक तास ऐकला की स्वारी आपोआप माघारी फिरेल, असा त्याचा हिशेब.

गावातल्या कॉलेजात ठकी रमली. तयार साच्यात चित्रं टाकली आणि दुपारपर्यंत तिचा खेळ पडद्यावर पळायला लागला. बाप खूश. पुढच्या आठवड्यात दोघं विद्यापीठात गेले. तो वर्गाबाहेर बाकावर बसला. तास सुटला आणि ठकी बाहेर आली ती रडून डोळे लाल करून. त्याला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटलं मेल्याला.

"चल घरी," तो म्हणाला. "नाही जमत तर नाही जमत."

"बाबा, बरंचसं डोक्यावरून गेलं. पण माझ्या खेळातला चेंडू भिंतीतून आरपार जातो, त्यावर मी कधीची डोकं आपटतेय. बाईंनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि तो का जातो ते कळलं. गावातल्या कॉलेजात विचारलं तर म्हणाले, तयार भिंत घे."

'तुला झेपायचं नाही' एवढं फरशीवाल्याने म्हटलं असतं, तर पोरगी त्याच पावली फिरली असती. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"मग रडलीस कशाला?"

"भीती वाटते. आणि तुम्ही घरी एकटे राहाल."

"मला काय धाड भरलीये?" तो म्हणाला. "मुलींचं होस्टेल कुठाय, विचारून ये जा."

ती गेली. तो तिथेच बसून राहिला. लगेच उठवेना त्याला.