ओवलेली सुई

मावशीच्या दारात कोणीही उभे राहिले की शब्दाच्या आधी सुई पुढे यायची. एका हातात सुई, दुसऱ्या हातात ओठांनी ओला करून टोक काढलेला दोरा, आणि बसल्या जागेवरूनच, "ओवून दे माय."

येणारी बाई असो की बाप्या, तिला फरक नसे. एकदा वर्ध्याहून आलेले कुणी कारकून पत्ता विचारायला थांबले. मावशीने आधी त्यांच्या हातात सुई दिली. उजेडाकडे तोंड करून, एक डोळा मिटून ते बिचारे झटत राहिले, पण दोरा काही आत जाईना. शेवटी तीच म्हणाली, "राहू द्या भाऊ. तुमचं बी माह्यासारखंच होऊन राह्यलं." मग पत्ता सांगितला आणि वर पाणीही दिले.

काम संपले तरी ती सुईच्या डोळ्यात दोऱ्याचा एक तुकडा राहू द्यायची. "सुई रिकामी ठेवू नये. घरात भांडणं होतात," असे तिचे म्हणणे. त्यावर आतल्या खोलीतून तिची भावजय म्हणायची, "तरी होतेच."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी मावशी असेल. खरे तर ती कोणाचीच मावशी नव्हती. कमी वयात नवरा गेला, मूलबाळ नव्हते, म्हणून देवळीला भावाकडे परत आली. भावाचे घर आमच्या घराला लागून. त्यांची कापूस साठवायची खोली त्यांनी तिला शिवणाला दिली होती. खोली झाडून पुसून लख्ख असायची, तरी भिंतीच्या सांदीतून कुठून तरी सरकीला चिकटलेला कापूस निघायचाच. खिडकीखाली पायमशीन, शेजारी चटई आणि चटईवर मावशी.

ती नवे कपडे फारसे शिवत नसे. त्यासाठी बाजारात दोन शिंपी होते. तिच्याकडे जुने कापड येई. नव्या बाळाच्या अंगाला आधी जुनेच लावायचे, तेही पिकल्या माणसाचे, म्हणजे त्याचे आयुष्य बाळाला लागते, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे कोणाच्या आजीच्या लुगड्याची कुंची, कोणाच्या आजोबांच्या धोतराची झबली तिथे शिवली जात. सासरी जाणारी मुलगी आईच्या पातळाचा उशीला अभ्रा करून नेई. कोणी गेलेल्या माणसाचा सदरा घेऊन येई आणि काय करायचे ते सांगता न आल्याने नुसतीच बसून राही.

कात्री लावण्याआधी मावशी एकच प्रश्न विचारायची, "कोणाचं व्हय?"

नाव कळल्याशिवाय कात्री उचलायची नाही. नाव सांगितले की ती कापडावरून तळवा फिरवायची, आणि कुठे विरले आहे, कुठे खांद्यावर घासले आहे, ते बोटांनी पाहून घ्यायची. मला वाटते ती त्या माणसाला भेटून घेत असावी. पण हे माझे मत झाले. ती असे काही बोलली नाही.

अल्लीपूरचा एक शेतकरी सासुरवाडीला देवळीला आला होता. काखेत गाठोडे धरून तो बराच वेळ दाराबाहेर घुटमळला. सुई ओवून झाल्यावर त्याने गाठोडे सोडले. आत पोळ्याची झूल होती, भिंगांची, एका कडेला फाटलेली. कोणाचं व्हय, असे मावशीने विचारले, तेव्हा तो खाली पाहून म्हणाला, "पवळ्याचं." पवळ्या त्याचा बैल. उन्हाळ्यात गेला होता. त्याची बायको मागे उभी होती, ती म्हणाली, "माहा बाप गेला तवा इतकं नाई रडले हे." गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मावशी हसली नाही. पवळ्या जुवाच्या उजवीकडचा का डावीकडचा, एवढेच तिने विचारले. मग त्या झुलीची एक छोटी उशी शिवली आणि भिंगे उशीच्या एकाच बाजूला घेतली, म्हणजे डोके टेकताना टोचणार नाहीत.

मशीनवर मात्र ती एक चौकड्यांचे कापड झाकायची. जुने, पण नीट धुतलेले. एकदा मी तिचाच प्रश्न तिला विचारला, "मावशी, हे कोणाचं व्हय?" तिने कापडाची घडी केली, पुन्हा उलगडली. म्हणाली, "हे? हे मशीनचं."

आता माझ्या घरचे सांगते. ते सांगितल्याशिवाय मावशी पुरी होत नाही.

माझे बाबा शाळेत चपराशी होते. अक्षर त्यांना सहीपुरते येई. शाळेत तेव्हा सूतकताईचा तास असे. मुलांच्या मोडक्या टकळ्या दुरुस्त करता करता बाबा स्वतः कातायला शिकले, आणि मग त्यांना तो नादच लागला. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन पेटीचरखा उघडायचे. अंधार पडू लागला की हात थांबवायचे आणि म्हणायचे, "उद्या इथूनच." सुताच्या गुंड्या ते एका पत्र्याच्या पेटीत ठेवत. मी कॉलेजात जाईन तेव्हा माझ्या पुस्तकांची पिशवी त्यांच्या सुताच्या कापडाची असेल, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आमच्या घरात तोवर कोणी मॅट्रिकही झाले नव्हते. लोक हसत. मलाही संकोच वाटे.

मी मॅट्रिक झाले, पण निकाल लागायच्या आधी बाबा तापाने गेले. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात.

पिशवीचे आई विसरली नव्हती. मला कॉलेजात पाठवावे की नाही यावर नातेवाइकांत बरीच बोलणी झाली, तेव्हा ती एकच सांगत होती, त्याईनं सूत काढून ठेवलं हाय. जणू सूत काढले म्हणजे जाणे ठरलेच. माझा भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. आईचे ऐकून तो एका रविवारी पेटीतल्या सगळ्या गुंड्या घेऊन वर्ध्याला खादी भांडारात गेला आणि कापड घेऊन आला. पांढरे, चांगले दणकट. आईने ते डोळ्यांना लावले आणि मला घेऊन मावशीकडे गेली.

"कोणाचं व्हय?"

"इच्या बाबाचं," आई म्हणाली. "त्याईच्या हातचं."

मावशीने तळवा फिरवला. एकदा, मग परत एकदा. उद्या शिवते म्हणून सांगितले आणि कात्रीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला आणि दादाला बोलावून घेतले. बाबांचे जाड-बारीक सूत तिने पाहिलेले होते, हे कापड हाताला फार एकसारखे लागले म्हणाली. गुंड्या देऊन त्यांचेच कापड विणून घेतले की बदलून आणले, एवढे तिने विचारले. बदलून, दादा म्हणाला. तिथे सगळे तसेच करतात, सूत तोलतात आणि ठाणातले कापड फाडून देतात. बोलता बोलता तो थांबला. दरवर्षी बाबाही थोड्या गुंड्या देऊन तसेच तर कापड आणत. दादाच्या मनात सूत दिले आणि कापड मिळाले, म्हणजे ते बाबांचेच, इतके सरळ होते. बाबांच्या गुंड्या ढिगात गेल्या, हे त्याला त्या क्षणी कळले, आणि मलाही. तो रडवेला झाला. आईला हे सांगू नका म्हणाला. मलाही तेच बरे वाटले.

मावशी म्हणाली, "साऱ्या गावाले मी कोणाचं म्हणून इचारते. अन् तुह्या मायले खोटं सांगू?"

ती खोलीतून सहसा बाहेर पडत नसे. त्या दिवशी भिंतीला हात लावत लावत आमच्या घरी आली, आईजवळ बसली आणि सगळे सांगितले. पोराने चांगल्यासाठीच केले, हेही सांगितले. आईने कापड मांडीवर घेतले, त्याची घडी सारखी केली. दादाकडे पाहिले. मग म्हणाली, "मंग त्याईचं सूत कुठं गेलं?"

"कोणाच्या तरी अंगावर असीन बाई. धोतर असीन, बंडी असीन." मग मावशीने विचारले, "चरखा कुठं हाय?"

चरख्याची पेटी फळीवर होती. बाबा गेल्यापासून ती कोणी उघडली नव्हती. आई कोणाला हात लावू देत नसे. मी ती खाली काढली. झाकण आईने उघडले. चातीवर, चरख्याच्या त्या बारीक सळईवर, सूत अर्धे भरलेले होते, आणि त्याच्या टोकाला अजून पेळू लागून होता, कापसाची ती बोटाएवढी वात, अर्धी कातलेली, अर्धी राहिलेली. बाबांनी जिथे हात थांबवला होता तिथेच सगळे थांबले होते.

मावशीच्या मनात काय आहे ते आईला कळले. तिने झाकणावर हात ठेवला. "हे तोडाचं नाई."

मावशी पेटीजवळ सरकली. मग म्हणाली, "त्याईच्या हातून तुटे का नाई कधी?"

"तुटे नं. रोज तुटे."

"मंग काय करत?"

"जोडत."

"मंग."

आईने ते टोक स्वतःच्या हाताने तोडले. पेळू देवाजवळ नेऊन ठेवला आणि चाती मावशीच्या ओटीत दिली.

कापड ते दुसऱ्याच्याच सुताचे राहिले. पण पिशवी मावशीने बाबांच्या सुताने शिवली. मशीनवर ते टिकेना, म्हणून सगळी शिवण हाताने. सूत दुहेरी करून टकळीवर पीळ द्यायचे काम आई करायची. मावशी त्याला मेण लावायची. सूत कुठे जाड, कुठे बारीक. साध्या सुईत शिरेना, म्हणून गोधडीची मोठी सुई काढली. तरी दोरा तुटायचाच. मी ओवून द्यायचे, पुन्हा तुटायचा. एकदा वैतागून मावशी म्हणाली, "तुहा नवरा सूत काढे का दोर वळे व?" आणि आई म्हणाली, "तुमचे डोये गेले, त्याले ते काय करतीन?" मग आई हसली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिले नव्हते. शिवणाच्या त्या खोलीत, मांडीवर टकळी घेऊन.

पिशवी झाली तेव्हा मावशीने ती आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "कापड कोणाकोणाचं हाय ते देवाले माहीत. शिवण तुह्या घरची हाय." मला म्हणाली, "बंद उसवला तं घेऊन येजो. दुसऱ्याच्या हातात देजो नको."

कॉलेजात आम्ही मुली थोड्याच होतो. पिशवीची ती जाडीभरडी शिवण पाहून एकीने विचारले, गोधडीतून उरली का ग? सांगायला गेले असते तर नीट सांगता आले नसते. पण तास चालू असताना माझे बोट त्या शिवणीवरून फिरत राही. गाठी लागत. जिथे गाठ, तिथे ते तुटले होते आणि जोडले होते.

आई मला मोटारीपर्यंत पोचवायला येई, तेव्हा तिला एक नवीच सवय लागली होती. खादीचा सदरा घातलेला कोणी अनोळखी माणूस दिसला की ती त्याच्याकडे टक लावून बघे. मी हळूच दटावले की म्हणे, "असीन बी. काऊन नसीन?" एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिने विनाकारण नमस्कार केला. त्यांनीही केला. ओळख लागेना म्हणून ते मोटारीत बसून बराच वेळ मागे वळून पाहत होते.

पुढच्या वर्षी मी वर्ध्याला वसतिगृहात राहिले. घरी येणे कमी झाले. दिवाळीला आले तेव्हा पिशवीचा एक बंद उसवला होता. मनात बरे वाटले, की चला, मावशीकडे जायला काम आहे.

मावशी भाद्रपदात गेली होती. थोड्या दिवसांचे दुखणे. माझी सहामाही परीक्षा म्हणून घरच्यांनी कळवले नव्हते.

मी तशीच पिशवी घेऊन तिच्या दाराशी गेले. दारात उभी राहिले आणि कोणी सुई पुढे केली नाही. खोलीत नवा कापूस भरला होता, खिडकीच्या अर्ध्यापर्यंत. मशीन भावाच्या मुलीला दिले होते. चौकड्यांचे कापड कुठे गेले ते मी विचारले. भावजय म्हणाली, "तिच्यासंगंच देल्लं. अंगावर टाकलं." नेहमी फटकळ बोलणारी ती बाई पदराशी चाळा करत उभी होती.

मग ती आत गेली आणि सुया टोचायची उशी घेऊन आली. उशीत एकच सुई होती. गोधडीची, मोठी. तिच्यात जाड-बारीक, मेण लावलेला दोरा ओवलेला होता. मी पाहताच ओळखला.

"पडल्यापडल्या माह्याकून ओवून घेतली," भावजय म्हणाली. "कोणाले हात लावू देल्ला नाई. म्हणे, ते कॉलेजवाली येईन. तिचा बंद उसवीन."

उंबऱ्यावर बसून मी बंद शिवला. मला शिवण चांगले येत नाही. टाके वाकडे पडले. दोरा बेताचाच होता. शेवटचा टाका घालून तोडायची वेळ आली, तेव्हा मी एक बोटभर तसाच सुईत राहू दिला आणि सुई उशीत परत टोचली.

भावजयीने ते पाहिले. "रिकामी ठेवू नये," ती म्हणाली आणि उशी कापसापाशी खिडकीत नेऊन ठेवली.